लाइन कोणी थांबवायची?

जपानी माणूस शिस्तीचा, समूहात रमणारा, कंपनीला घर मानणारा. अमेरिकी माणूस स्वतंत्र बाण्याचा, आज इथे तर उद्या तिथे, तिमाही नफ्यावर डोळा ठेवणारा. म्हणून टोयोटाची गाडी वर्षानुवर्षं कुरकुर न करता चालते आणि डेट्रॉइटच्या गाडीचा चार वर्षांत खुळखुळा होतो. १९८०च्या दशकात हे स्पष्टीकरण जगभर चाललं, आपल्याकडच्या व्यवस्थापन-शिबिरांत ते अजूनही चालतं. भातशेतीतून आलेली सहकाराची सवय, सामुराईंची निष्ठा, कन्फ्यूशियसची शिकवण, हाताला लागेल ते त्यात घातलं जातं. पण या प्रश्नावर जे लिहिलं गेलं आणि कारखान्यांत जे प्रत्यक्ष घडलं, ते शेजारी शेजारी ठेवलं की हे स्पष्टीकरण टिकत नाही. फरक खराच आहे. तो समजून घ्यायला राष्ट्रीय स्वभावापेक्षा दोन साधे प्रश्न जास्त उपयोगी पडतात: कामाविषयीची अक्कल कारखान्यात कुणाकडे आहे असं धरलं जातं, आणि ती अक्कल कंपनीला दिल्याबद्दल कामगाराला काय मिळतं?

अमेरिकेला हा विषय सुचला तो मार खाल्ल्यावर. १९७४मध्ये मात्सुशिताने शिकागोजवळचा मोटोरोलाचा टीव्हीचा कारखाना विकत घेतला आणि बव्हंशी जुन्याच कामगारांना हाताशी धरून सदोष संचांचं प्रमाण पार खाली आणलं. मार्च १९८०मध्ये ह्यूलेट-पॅकार्डच्या रिचर्ड अँडरसन यांनी वॉशिंग्टनमध्ये मेमरी चिपच्या चाचण्यांचे निकाल मांडले; जपानी चिप अमेरिकी चिपपेक्षा कितीतरी कमी बिघडत होत्या. त्याच वर्षीच्या जूनमध्ये एनबीसी वाहिनीने जपानला जमतं ते आपल्याला का जमू नये, असा सवाल करणारा माहितीपट दाखवला. १९८१मध्ये अमेरिकेला जाणाऱ्या मोटारी वर्षाला १६ लाख ८० हजारांवर रोखायला जपान ‘स्वखुशीने’ तयार झाला. एझ्रा व्होगेल यांचं ‘जपान ॲज नंबर वन’ (१९७९) आणि विल्यम ओउची यांचं ‘थिअरी झेड’ (१९८१) ही त्या घबराटीच्या काळातली गाजलेली पुस्तकं. आज त्यांतली संस्कृतीवरची पानं शिळी लागतात. रॉबर्ट हेज आणि विल्यम ॲबरनॅथी या हार्वर्डच्या प्राध्यापकांचा १९८०चा लेख मात्र अजून ताजा आहे, कारण त्यांनी जपानच्या गूढाच्या मागे न लागता घरच्याच व्यवस्थापकांना धारेवर धरलं. हिशेब आणि कायदा जाणणारी, पण कारखाना न जाणणारी माणसं कंपन्यांच्या माथ्यावर बसली आहेत आणि उद्याच्या नफ्याचं बियाणं आजच खाऊन टाकताहेत, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता.

संस्कृतीच्या सिद्धान्ताची सगळ्यांत मोठी अडचण म्हणजे जपानचाच इतिहास. इतिहासकार अँड्र्यू गॉर्डन यांनी १९८५च्या आपल्या ग्रंथात दाखवलं आहे की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जपानमधले कुशल कामगार सर्रास नोकऱ्या बदलत आणि मालक त्यांच्या नावाने बोटं मोडत. वय आणि कुटुंबाची गरज पाहून पगार, ही जी ‘प्राचीन’ पद्धत सांगितली जाते, तिची मांडणी १९४६मध्ये वीज उद्योगातल्या युनियनने लढून पदरात पाडून घेतली. निस्सानमध्ये १९५३ साली कडवा संप झाला. कंपनीने टाळेबंदी केली, संप करणारी युनियन मोडली आणि तिथे कंपनीला सोयीची दुसरी उभी राहिली. मिइके कोळसा खाणीतला १९६०चा संप तर देशाला हादरवणारा होता. जेम्स ॲबेग्लेन यांनी १९५८मध्ये ‘द जॅपनीज फॅक्टरी’ लिहून जपानी कामगाराची कंपनीशी असलेली आयुष्यभराची बांधिलकी जगापुढे मांडली, तेव्हा या लढाया अजून संपल्याही नव्हत्या. आज्ञाधारक जपानी कामगार हा या सगळ्या झटापटींनंतर तयार झालेला आहे.

अमेरिकी बाजूची गोष्ट फ्रेडरिक टेलरपासून सुरू करावी लागते. टेलर स्वतः कामगारांमध्ये राहिलेला, पोलाद कारखान्यात फोरमन झालेला माणूस. त्याला दिसलं की काम कसं करायचं याचं ज्ञान कारागिराच्या हातात आहे आणि तो ते मालकाला कळू देत नाही. मुद्दाम सावकाश काम करून दर वाचवतो. टेलरचं हे निरीक्षण अगदी खरं होतं. त्याने उपाय काढला तो असा: स्टॉपवॉच घेऊन प्रत्येक हालचाल मोजायची, सगळं ज्ञान नियोजन विभागात गोळा करायचं आणि कामगाराला लेखी सूचना द्यायची. बेथलहेम स्टीलमध्ये रोज साडेबारा टन लोखंड उचलणाऱ्या माणसाकडून साडेसत्तेचाळीस टन उचलवून घेतल्याची कथा त्याने १९११च्या आपल्या पुस्तकात रंगवून सांगितली आहे. मजुरी १ डॉलर १५ सेंटवरून १ डॉलर ८५ सेंटवर गेली. काम जवळजवळ चौपट, मजुरी दीडपटीच्या थोडी वर. हा हिशेब टेलरला न्याय्य वाटत होता, हे त्याच्याच शब्दांतून कळतं.

हेन्री फोर्डने १९१३मध्ये हायलंड पार्कला सरकती जुळणी लाइन सुरू केली आणि टेलरची सूचनापत्रंही अनावश्यक करून टाकली. आता वेग लाइनच ठरवणार. चासीच्या जुळणीला साडेबारा तास लागत, ते ९३ मिनिटांवर आलं. त्याच वर्षी कामगारांचं सोडून जाण्याचं प्रमाण ३७० टक्क्यांवर पोचलं, म्हणजे एका जागेसाठी वर्षाला जवळजवळ चार माणसं भरती करावी लागत होती. जानेवारी १९१४मध्ये फोर्डने दिवसाला ५ डॉलर जाहीर केले त्यामागे हेही एक कारण होतं. कंटाळ्याची किंमत पैशात चुकवायची, ही अमेरिकी पद्धत तिथे रुजली. जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोन यांनी पुढे विभागवार कंपनी, आकड्यांवरून दुरून नियंत्रण, दरवर्षी नवं मॉडेल अशी वरची रचना घातली. खालच्या मजल्याला त्यांनी हात लावला नाही.

जपानला टेलर परका नव्हता. त्याचं पुस्तक निघाल्यावर थोड्याच काळात जपानीत आलं होतं, आणि १९२०च्या दशकात उएनो योइची हे मानसशास्त्रज्ञ त्याच्या पद्धती जपानी कारखान्यांना शिकवत होते. दुसऱ्या महायुद्धानंतर तर अमेरिकी ज्ञानाची आयात जोरात झाली. वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४मध्ये बेल कंपनीत नियंत्रण-तक्ता तयार केला होता. त्यांची पद्धत घेऊन डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग १९५०मध्ये जपानी वैज्ञानिक आणि अभियंत्यांच्या संघटनेच्या बोलावण्यावरून व्याख्यानं द्यायला गेले. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचं पारितोषिक सुरू झालं. १९५४मध्ये जोसेफ जुरान गेले. युद्धकाळात अननुभवी कामगारांना चटकन तयार करण्यासाठी अमेरिकेने सुपरवायझरांचा एक शिक्षणक्रम आखला होता. शांतता होताच अमेरिकेने तो गुंडाळला, जपानने उचलला, आणि टोयोटात त्याची मुळं खोल गेली. जी ‘जपानी पद्धत’ शिकायला अमेरिकी व्यवस्थापक १९८०नंतर विमानं भरून जात होते, तिचे निम्मेअधिक सुटे भाग अमेरिकी बनावटीचे होते. दर्जा तपासणं हे अमेरिकेत मात्र एका विभागाचं काम झालं, पांढरा कोट घालून लाइनच्या शेवटी उभ्या असलेल्या तपासनीसाचं. तिकडे इशिकावा काओरू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच आलेख आणि तक्ते १९६२पासून गुणवत्ता मंडळांमार्फत कामगारांच्याच हातात दिले.

मग एकच माल दोन ठिकाणी इतका वेगळा का वापरला गेला? माझ्या मते याचं उत्तर १९५० या एका वर्षात दडलेलं आहे.

त्या वर्षी मे महिन्यात जनरल मोटर्स आणि संयुक्त मोटार कामगार युनियन यांच्यात पाच वर्षांचा करार झाला. वॉल्टर रॉयथर यांच्या युनियनने महागाईशी जोडलेली पगारवाढ, निवृत्तिवेतन, आरोग्यविमा असं भरघोस पदरात पाडून घेतलं. बदल्यात कारखाना कसा चालवायचा, काय बनवायचं, किती वेगाने बनवायचं, याचा सगळा अधिकार कंपनीकडे राहिला. युनियनने आपलं संरक्षण कामाच्या बारीक बारीक श्रेण्या, ज्येष्ठतेचे हक्क आणि तक्रारींच्या कलमांमध्ये शोधलं. मंदी आली की ज्येष्ठतेच्या उलट्या क्रमाने माणसं घरी बसवायची, तेजी आली की परत बोलवायची, हे दोन्ही बाजूंना मान्य होतं. अमेरिकी मध्यमवर्ग या करारावर उभा राहिला, त्यामुळे त्याला नावं ठेवणं सोपं नाही. पण त्यात कामगाराच्या डोक्याला कुठेच जागा नव्हती. १९७२मध्ये ओहायोतल्या लॉर्ड्‌सटाउनला तासाला शंभर व्हेगा गाड्यांच्या वेगाला कंटाळून तरुण कामगारांनी संप केला, तेव्हा पगाराची तक्रार मुख्य नव्हती. त्या संपाचं काय करायचं हे कंपनीला कळलं नाही आणि युनियनलाही.

१९५०च्या त्याच वसंत ऋतूत टोयोटा दिवाळखोरीच्या दारात होती. बँकांनी कर्ज दिलं ते माणसं कमी करण्याच्या अटीवर. संप झाला, दीड हजारांहून अधिक कामगार गेले, आणि संस्थापक टोयोडा किइचिरो यांनी जबाबदारी घेऊन जूनमध्ये राजीनामा दिला. त्याच महिन्याच्या अखेरीस कोरियात युद्ध पेटलं, अमेरिकी लष्कराने ट्रकची मागणी नोंदवली आणि कंपनी वाचली. राहिलेल्या कामगारांबरोबर पुढच्या दशकभरात जो समझोता आकाराला आला, त्याचा गाभा असा: पुन्हा कुणाला काढणार नाही, पगार ज्येष्ठतेने आणि कंपनीच्या नफ्याने वाढेल, तुम्ही सांगू ते काम कराल, यंत्र बदललं तर शिकाल, सुधारणा सुचवाल. १९६२च्या संयुक्त जाहीरनाम्यात त्याला औपचारिक रूप आलं. एकदा माणसाला काढता येत नाही म्हटल्यावर तो इमारतीइतकाच स्थिर खर्च होतो. मग त्याला शिकवण्यात पैसा घालणं शहाणपणाचं ठरतं, आणि आपल्या सूचनेमुळे आपलीच नोकरी जाईल ही टेलरच्या कामगाराची रास्त भीतीही उरत नाही.

आता ओनो ताइइचि. ‘टोयोटा पद्धती’चा हा कर्ता अजिबात मवाळ नव्हता, त्याच्या आरडाओरड्याच्या कथा टोयोटात अजून सांगतात. एका कामगाराने एकाच यंत्रापाशी न राहता अनेक यंत्रं सांभाळावीत, असा आग्रह त्याने १९४०च्या दशकाच्या अखेरीस आपल्या मशीन शॉपमध्ये धरला, तेव्हा जुन्या कारागिरांनी विरोध केला होता. त्याच्यापुढची अडचण टंचाईची होती. एमआयटीच्या संशोधकांनी दिलेल्या आकड्यांनुसार १९५०पर्यंतच्या तेरा वर्षांत टोयोटाने जेमतेम २,६८५ मोटारी बनवल्या होत्या. फोर्डच्या रूज कारखान्यातून दिवसाला सुमारे ७,००० निघत. एकाच पत्र्याच्या भागासाठी एक प्रेस महिनोन्‌महिने राखून ठेवायला फोर्डला परवडत होतं, टोयोटाला नव्हतं. तेव्हा एकाच प्रेसवर दिवसात अनेकदा डाय बदलावी लागे, आणि डाय बदलायला तासन्‌तास जात. शिंगो शिगेओ या सल्लागाराने पुढे, १९६९-७०च्या सुमारास, हजार टनी प्रेसची डाय बदलायला लागणारे चार तास तीन मिनिटांवर आणले. पिंपरी-चिंचवडच्या कुठल्याही प्रेस शॉपमधला सेटर सांगेल, या दोन आकड्यांमध्ये सगळा धंदा आहे. सेटिंगला चार तास लागत असतील तर पंधरा दिवसांचा माल एकदम काढून ठेवणं भाग पडतं. तीन मिनिटं लागत असतील तर आज लागेल तेवढाच काढता येतो, आणि चूक झाली तर पंधरा दिवसांच्या ढिगाऐवजी वीस-पंचवीस नगच भंगारात जातात.

अमेरिकी सुपरमार्केटमध्ये गिऱ्हाइकाने उचललं तेवढंच फळीवर परत भरलं जातं, ही कल्पना ओनोला भावली. पुढच्या टप्प्याने मागच्याकडून लागेल तेव्हा, लागेल तेवढं उचलायचं आणि त्यासाठी कानबान नावाचं कार्ड फिरवायचं, हे त्याने १९५३च्या आसपास आपल्या विभागात सुरू केलं. साऱ्या कंपनीत पसरायला दहा वर्षं गेली. दुसरा धागा टोयोडा साकिचि यांच्या मागाचा. धागा तुटला की आपोआप थांबणाऱ्या मागामुळे एक कामगार अनेक माग सांभाळू शकत असे. ओनोने तेच तत्त्व माणसांना लावलं: दोष दिसला की लाइनवरच्या कुणीही दोरी ओढावी. टीम लीडर धावत येतो. ठरलेल्या वेळात दोष सुटला नाही तर लाइन थांबते. मग का, का, असं पाचदा विचारत मुळापर्यंत जायचं. साठा नसल्यामुळे ही थांबलेली लाइन लपवता येत नाही. डेट्रॉइटमध्ये लाइन थांबवणं हा वरिष्ठांचा अधिकार होता आणि कामगाराने तसं करणं हा गुन्हा. दोष पुढे जाऊ द्यायचा, शेवटी रीवर्कच्या आवारात बघू.

संस्कृती की सौदा, या वादाची परीक्षा घ्यायची संधी इतिहास क्वचित देतो. इथे ती मिळाली. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचा जनरल मोटर्सचा कारखाना कंपनीच्या बदनाम कारखान्यांपैकी एक. गैरहजेरी वीस टक्क्यांच्या घरात, तक्रारींचे ढीग, कामावर दारू. १९८२मध्ये तो बंद झाला. १९८४मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्सच्या संयुक्त कंपनीने, नम्मीने, तो पुन्हा उघडला. तीच युनियन, कामगारांपैकी सुमारे ८५ टक्के जुनेच, इमारत जुनी. शेकडो कामगारांना टोयोटाच्या ताकाओका कारखान्यात पाठवून शिकवलं गेलं. एमआयटीच्या ‘द मशीन दॅट चेंज्ड द वर्ल्ड’ (१९९०) या पुस्तकात तीन कारखान्यांचे आकडे आहेत. जनरल मोटर्सच्या फ्रेमिंगहॅम कारखान्यात एका गाडीच्या जुळणीला ४०.७ तास लागत, ताकाओकात १८, नम्मीत १९. शंभर गाड्यांमागे दोष अनुक्रमे १३०, ४५ आणि ४५. सुट्या भागांचा साठा दोन आठवडे, दोन तास, दोन दिवस. कॅलिफोर्नियाच्या कामगारांमध्ये भातशेतीचे संस्कार दोन वर्षांत उतरले असतील असं मानणं अवघड आहे.

नम्मीचा सर्वांत बारकाईचा अभ्यास पॉल ॲडलर यांनी केला. त्यांना आढळलं की तिथे टेलर हद्दपार झालेलाच नव्हता. काम सेकंदासेकंदाला बांधलेलं, प्रत्येक हालचाल लिहिलेली. फरक एवढाच की स्टॉपवॉच आता कामगारांच्या हातात होतं. टीममधली माणसं एकमेकांचं काम मोजत, पद्धत ठरवत आणि स्वतःच बदलत. उत्पादन कामगारांसाठी डझनावारी श्रेण्यांऐवजी एकच श्रेणी होती. करारात लिहिलं होतं की कंपनीच्या अस्तित्वावरच बेतल्याशिवाय कामगार कपात होणार नाही आणि तशी वेळ आली तर आधी व्यवस्थापकांचे पगार कापले जातील. १९८८मध्ये तिथे बनणाऱ्या शेवरोले नोव्हाची विक्री घसरली, तेव्हा हे कलम कसाला लागलं. कपात झाली नाही. रिकाम्या हातांना प्रशिक्षणाला आणि सुधारणांच्या कामाला लावलं गेलं. मला वाटतं, कानबानपेक्षा या एका वर्षाने नम्मीच्या कामगाराला जास्त पटवलं असेल.

इतकं डोळ्यांसमोर असूनही जनरल मोटर्सला आपल्या इतर कारखान्यांत ते उतरवता आलं नाही. व्हॅन नायजला प्रयत्न फसला. दोऱ्या टांगल्या, टीम केल्या; पण दोरी ओढणाऱ्याकडे सुपरवायझर पूर्वीसारखाच डोळे वटारून बघत होता, कारण त्याचा बोनस निघालेल्या गाड्यांच्या संख्येवर होता. अध्यक्ष रॉजर स्मिथ यांचा विश्वास यंत्रमानवांवर अधिक. त्यांवर अब्जावधी डॉलर ओतले गेले आणि हॅमट्रॅमकच्या नव्या कारखान्यातले रंग मारणारे यंत्रमानव गाड्या सोडून एकमेकांनाच रंगवू लागले. २००९मध्ये जनरल मोटर्सने दिवाळखोरी जाहीर केली, नम्मीतून अंग काढून घेतलं, आणि एप्रिल २०१०मध्ये टोयोटानेही तिथलं काम थांबवलं. नम्मीत अभियंता असलेल्या जॉन क्रॅफसिक यांनी १९८८मध्ये या साऱ्याला ‘लीन’ हे नाव दिलं होतं. ते सल्लागारांच्या हाती लागलं आणि अमेरिकेत लीन म्हणजे माणसं कमी करणं असा अर्थ कामगारांनी घेतला. तो अनेकदा बरोबरही होता.

एवढं वाचून टोयोटाची आरती ओवाळायला कुणी उठत असेल, तर त्याने आधी कामाता सातोशी यांचं पुस्तक वाचावं. या पत्रकाराने १९७२मध्ये हंगामी कामगार म्हणून टोयोटाच्या लाइनवर काम केलं आणि पुढच्या वर्षी अनुभव छापला. मुदतीवर आलेली माणसं, वाढता वेग, सक्तीचा ओव्हरटाइम, वसतिगृहावरची पहारेकऱ्यांची नजर. आयुष्यभराच्या नोकरीची हमी मोठ्या कंपन्यांतल्या कायम पुरुष कामगारांपुरती होती. हंगामी कामगार, स्त्रिया आणि खालच्या फळीतले छोटे पुरवठादार हे मंदीचे धक्के झेलत. अमेरिकेतही माइक पार्कर आणि जेन स्लॉटर यांनी १९८८मध्ये या पद्धतीला ताण देऊन चालवलेलं व्यवस्थापन म्हटलं: साठा काढा, माणसं काढा, कुठे तुटतं ते पाहा, तिथे ठिगळ लावा, मग आणखी ताणा. ॲडलर आणि पार्कर-स्लॉटर एकाच प्रकारच्या कारखान्यांकडे पाहत होते आणि दोघांचंही निरीक्षण खरं आहे, हीच या विषयातली पंचाईत आहे. गुणवत्ता मंडळं ‘ऐच्छिक’ असल्याचं टोयोटा अनेक वर्षं सांगत आली. २००२मध्ये तिच्या त्सुत्सुमि कारखान्यात तिशीतला एक कर्मचारी कामावर कोसळून मरण पावला. २००७मध्ये नागोयाच्या न्यायालयाने निकाल दिला की मंडळाचं ते ‘ऐच्छिक’ कामही कामाच्या तासांत धरलं पाहिजे, आणि मृत्यूचं कारण अतिकाम मानलं. कामगाराचं डोकं कंपनीने मागितलं तर त्याचीही मजुरी द्यावी लागते, हे सांगायला न्यायालय लागलं.

पुरवठादारांच्या बाबतीत दोन पद्धतींमधला फरक आपल्या भोसरी-चाकणच्या उद्योजकांना समजावून सांगायची गरज नाही. अमेरिकी रीत निविदेची: दरवर्षी दर पाडा, नाहीतर काम दुसऱ्याला. १९९२मध्ये जनरल मोटर्सच्या खरेदीप्रमुखपदी आलेल्या लोपेझ यांनी चालू करार फाडून दर पाडले. कंपनीचे पैसे वाचले, पण पुरवठादारांनी आपलं नवं तंत्र आधी दुसरीकडे दाखवायला सुरुवात केली. जपानी रीतीत पुरवठादार थोडे, संबंध लांबचे, एकमेकांच्या भांडवलात हिस्सा. दर तिथेही दरवर्षी उतरावे लागतात, मात्र ते कसे उतरवायचे हे शिकवायला मुख्य कंपनीचा माणूस येतो. १ फेब्रुवारी १९९७च्या पहाटे आइसिन कंपनीचा करिया इथला कारखाना जळाला. टोयोटाच्या ब्रेकमधला एक छोटा झडपेचा भाग जवळजवळ सगळा तिथेच बनत होता आणि साठा होता काही तासांचा. टोयोटाच्या सगळ्या लाइन थांबल्या. मग साठहून अधिक कंपन्यांनी, त्यांत शिलाई यंत्रं बनवणारी ब्रदरही होती, आपापल्या टूलरूममध्ये तो भाग घडवायला घेतला आणि आठवड्याभरात गाडी रुळावर आली. सुरुवातीला कुणी दराचं बोललं नाही.

पण त्याच घटनेने शून्य साठ्यातला धोकाही दाखवला. २०११च्या भूकंपाने रेनेसासचा चिपचा कारखाना बंद पडला, तेव्हा टोयोटाने धडा घेतला आणि पुरवठादारांना दोन ते सहा महिन्यांच्या चिप जवळ ठेवायला सांगितल्या. २०२१च्या चिपटंचाईत बाकीचे हात चोळत बसले असताना टोयोटा बराच काळ चालू होती. त्या वर्षी अमेरिकेतल्या विक्रीत तिने जनरल मोटर्सला मागे टाकलं. १९३१पासूनचा पहिला क्रमांक गेला. साठा म्हणजे पाप असं जगाला शिकवणाऱ्या कंपनीने गोदाम भरून ठेवून बाजी मारली, यात विसंगती नाही. साठा अडचण लपवतो म्हणून तो नको होता. इथे अडचण कुठे आहे ते माहीत होतं.

जपानची घसरण मी थोडक्यात सांगतो, कारण तिचा मोठा भाग कारखान्याबाहेरचा आहे. १९९०नंतर फुगा फुटला, बँका खिळखिळ्या झाल्या. सॉफ्टवेअर आणि नव्या धर्तीच्या चिप-रचनेत अमेरिका पुढे गेली. माणूस कंपन्या बदलतो, कल्पना घेऊन बाहेर पडतो, भांडवल मिळवतो ही अमेरिकी चंचलता तिथे गुण ठरली. हळूहळू सुधारत जाण्यात तरबेज असलेल्या जपानी कंपन्यांना एकदम वाट बदलणं जमलं नाही. निस्सानला १९९९मध्ये रेनोने वाचवलं; कार्लोस घोन यांनी २१ हजार नोकऱ्या कापल्या आणि पुरवठादारांतले जुने हिस्से विकले. कोबे स्टीलने आकडे खोटे दिल्याचं २०१७मध्ये, दाइहात्सुने सुरक्षा चाचण्यांत फसवणूक केल्याचं २०२३मध्ये उघड झालं. दोरी ओढण्याची मुभा जुळणीच्या लाइनवर होती, चाचणी विभागात वेळापत्रकाचा धाक होता, असंच याचं वर्णन करावं लागेल.

आता दोन्ही देश एकमेकांच्या जुन्या जागी सरकताहेत. जन्मभराची नोकरी टिकवणं अवघड आहे, असं टोयोटाचे तेव्हाचे अध्यक्ष अकिओ टोयोडा २०१९मध्ये उघड बोलले. हिताचीसारख्या कंपन्या कामाच्या ठरीव वर्णनानुसार पगार देण्याकडे वळल्या. जपानमधल्या नोकरदारांत एक तृतीयांशाहून जास्त लोक आज कायम नाहीत. उलट अमेरिकेत २०२३च्या संपानंतर मोटार कामगार युनियनने कारखाना बंद करण्याविरुद्ध संप करण्याचा हक्क करारात घालून घेतला. १९५०मध्ये जो विषय तिने टेबलावरून उचलून ठेवला होता, त्याला पहिल्यांदा हात लागला.

आपल्याकडे दोन्ही रीती आल्या. डिसेंबर १९८३मध्ये गुडगावला मारुतीची पहिली गाडी निघाली तेव्हा साहेब आणि कामगार यांचा एकच गणवेश, एकच कँटीन हे नवल होतं. महिंद्राच्या ट्रॅक्टर विभागाने २००३मध्ये डेमिंग पारितोषिक मिळवलं; जगातल्या कुठल्याही ट्रॅक्टर कंपनीला ते त्याआधी मिळालं नव्हतं. किर्लोस्करांनी १९९७मध्ये टोयोटाबरोबर बिडदीला कंपनी काढली. जनरल मोटर्सने २००८मध्ये तळेगावला कारखाना उघडला आणि २०२०च्या अखेरीस तिथलं उत्पादन थांबवलं. ‘फाइव्ह एस’चे फलक आणि कायझेनच्या स्पर्धा आज लहानसहान वर्कशॉपमध्येही दिसतात. सौद्याचा दुसरा भाग मात्र फारसा आला नाही. मारुतीच्या मानेसर कारखान्यात २०११-१२मध्ये कामगार पेटले, त्यांच्या तक्रारींत लाइनचा वेग, विश्रांतीची मोजकी मिनिटं आणि कंत्राटी कामगारांना मिळणारी वागणूक अग्रभागी होती. जुलै २०१२मधल्या हिंसाचारात एका व्यवस्थापकाचा जीव गेला. बिडदीत २०२०च्या नोव्हेंबरमध्ये कामाच्या ओझ्यावरून संप आणि टाळेबंदी झाली. सात-आठ महिन्यांनी ब्रेक मिळणार हे माहीत असलेला मुलगा सूचना पेटीत चिठ्ठी कशाला टाकेल? टेलरच्या कारागिरासारखा तो गप्प राहतो, आणि त्याच्या जागी येणाऱ्याला तेच काम पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागतं.

जुलै २०२४मध्ये टोयोटा किर्लोस्करने छत्रपती संभाजीनगरला कारखाना काढण्याचा सामंजस्य करार महाराष्ट्र सरकारशी केला. घोषणेतला आकडा सुमारे २० हजार कोटी रुपयांचा आहे. कायम किती आणि मुदतीवरचे किती, हे अशा घोषणांच्या मथळ्यात येत नाही. ते लाइन सुरू झाल्यावर टाइम ऑफिसच्या हजेरीपटात दिसेल.